ब्रेक मारा, नगर आलं!

रोड ट्रिपमधला रेस्ट डे कुठे? बहुतेकांचं उत्तर ठरलेलं: अलिबाग, मुरुड, फार तर दापोली. यंदा जरा स्टिअरिंग फिरवा, घाट चढून या आणि मुक्काम टाका अहिल्यानगरला. म्हणजे आपल्या नगरला!

समुद्र नाही म्हणून हिरमुसलात? अहो, माहीत आहे का, नगरच्या निजामशाहीकडे चक्क बंदर होतं! अलिबागजवळचं चौल. शेजारी रेवदंड्याला पोर्तुगीज ठाण मांडून बसलेले. 1570-71 मध्ये मुर्तजा निजामशहाने त्यांना कित्येक महिने वेढा घातला, पण ठाणं काही हाती लागलं नाही. शेवटी तह झाला!

आणि उंची म्हणाल, तर राज्यातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, 1,646 मीटर, त्याची बारी गावातून जाणारी वाट याच जिल्ह्यातली. आज नको, आज पाय सुट्टीवर!

सकाळी सकाळी गाठा चांदबीबीचा महाल. शहराबाहेरच्या डोंगरावर, लांबूनच खुणावणारा. आता धरा सरप्राइज: तो महाल नाही, आणि चांदबीबीचाही नाही! ती आहे मुर्तजाचा वजीर सलाबतखान याची कबर. अष्टकोनी, तीन मजली, दगडी. वरून अख्खं नगर नजरेत.

मग चांदबीबी कुठे भेटते? भुईकोट किल्ल्यात. 1595-96 मध्ये शहजादा मुरादच्या मोगल फौजेने सुरुंग लावून तटाला भगदाड पाडलं. बाईंनी रातोरात ते बुजवून घेतलं! या एका रात्रीसाठी तरी नगरला यायलाच हवं, असं माझं ठाम मत.

हाच किल्ला पुढे झाला व्हीआयपी तुरुंग. ‘छोडो भारत’नंतर, 1942 मध्ये काँग्रेसचे बडे नेते इथे डांबले गेले. नेहरूंनी ‘द डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ इथेच लिहिलं, हे शाळेतलं जीके. पण माहीत आहे का, मौलाना आझाद त्याच वेळी इथे काय लिहीत होते? पत्रं! ‘गुबार-ए-खातिर’मधल्या त्या पत्रांत त्यांचा लाडका चहा आहे, आणि खोलीत घरटी करणाऱ्या चिमण्यांशी जमलेली गट्टीसुद्धा. चहा आणि चिवचिवाट!

दुपारी, पोरं सोबत असतील तर टँक म्युझियम मस्ट! इथल्या टँकमध्ये पाणी नाही, तोफ असते. लष्कराचं हे रणगाडा संग्रहालय 1994 पासून सुरू आहे. रोल्स-रॉइसची गाडी बघायचीय? इथे आहे, आणि तीही चिलखत घातलेली! शेजारी सेंच्युरियन, आपला विजयंता आणि 1965 च्या युद्धात पाकिस्तानकडून हस्तगत केलेला पॅटन. उघड्यावर उभं असलेलं ते जाडजूड पोलाद भर दुपारी असं तापतं की हात लावायची हौस लगेच फिटते. माझा व्होट पॅटनला. सेल्फीची रांगही तिथेच.

जरा कान द्या आता. ‘द हू’ या ब्रिटिश रॉक बँडचं 1971 मधलं धडाकेबाज गाणं ‘बाबा ओ’रायली’. यातले ‘बाबा’ कोण, माहीत आहे का? मेहेरबाबा! त्यांची समाधी नगरजवळ अरणगावला, मेहेराबादेत. त्यांनी 10 जुलै 1925 ला मौन धरलं, ते 1969 मध्ये देह ठेवेपर्यंत. त्रेचाळीस वर्षांहून जास्त काळ अवाक्षर नाही, आणि नावावर असं दणदणीत गाणं!

कॉमेडीचे फॅन आहात? बीबीसी रेडिओवर ‘द गून शो’ गाजवणारा स्पाइक मिलिगन जन्मला कुठे? नगरमध्ये, 16 एप्रिल 1918 ला!

आणि औरंगजेब? खुलदाबादला कबर असली, तरी 1707 मध्ये त्याने शेवटचा श्वास घेतला तो इथे, भिंगारला.

निघण्याआधी एक काम करा. किल्ला आणि टँक म्युझियम दोन्ही लष्कराच्या अखत्यारीत आहेत. त्यामुळे ओळखपत्र खिशात ठेवा आणि प्रवेशाच्या वेळा आदल्या दिवशीच विचारून घ्या!