ओढ्याचा पत्ता

पहाटे 5.40

एप्रिलमध्ये बारामतीत लेव्हलचं काम करायचं तर उजाडायच्या आत घर सोडावं लागतं. साडेनऊनंतर डांबरावरची हवा लहरायला लागते, दुर्बिणीतून स्टाफवरचे, म्हणजे उभ्या मोजपट्टीवरचे, आकडे नाचतात, आणि इथे पाच मिलिमीटरची चूकही परवडत नाही. स्कूटरवर पुढे ऑटो लेव्हलची पेटी, मागे स्टाफ धरून बसलेले मामा. मामा बावीस वर्षं स्टाफ धरताहेत. पाणी कुठल्या अंगाला पळेल हे त्यांना नुसतं उभं राहून कळतं. मी ते आकड्यात आणते.

काम आहे इंदापूर रस्त्याकडच्या एका वस्तीचं. दर मोठ्या पावसात तिथल्या तीसेक घरांत पाणी शिरतं. वस्तीचं नाव लिहीत नाही. तिथल्या लोकांनीच सांगितलंय, ‘पाण्याची वस्ती’ अशी ओळख झाली तर पोरांची लग्नं जमायची नाहीत.

6.15

सुरुवात सगळ्यात खालून. लोक आपापल्या दारासमोर बोट दाखवतात, ‘इथे गटार करा’ म्हणतात. पण गटाराचा आराखडा दारापासून सुरू होत नाही, पाणी जिथे शेवटी पडणार तिथून सुरू होतो. तिथला तळ ठरला की मग वर-वर चढत यायचं. खालचं तोंडच उंच असेल, तर वरच्या गल्लीत कितीही खोल गटार बांधलं तरी ते लांबलचक हौद होऊन बसतं.

इथलं खालचं तोंड म्हणजे एक जुनी दगडी मोरी. तळात कमरेइतका गाळ. मामा पहारीने टोचत टोचत खरा दगडी तळ शोधतात, मी तिथला आकडा घेते. मोरीपासून वस्तीच्या वरच्या टोकापर्यंत 420 मीटर अंतर आणि 1.68 मीटर उतार, म्हणजे 250 मीटरला एक मीटर. एवढा उतार पुरेसा आहे, पाणी रेंगाळणार नाही आणि गाळ धुऊन नेईल. पण हा हिशेब खऱ्या तळापासूनचा. गाळाच्या माथ्यापासून मोजलं तर निम्मा उतार तिथेच संपतो.

7.30

गल्लीत शिरले की भिंती वाचायच्या. पाणी ओसरलं तरी मातीची रेघ मागे राहते. कुणी घासून टाकतं, कुणी वर रंग मारतं. एका आजींच्या दाराच्या चौकटीवर ती अजून तशीच आहे, गुडघ्याच्या जरा वर.

“हितवर आलं होतं पोरी. पीठ-डाळ माळ्यावर टाकली, पण गाद्या गेल्या. म्हातारे धरून बसले होते खाटंला.”

“कधीची ही रेघ, आजी?”

“औंदा न्हाई, त्याच्या मागची. मे महिन्यातली. लोक आंबं खात होतं आणि आमच्या घरात पाणी.”

मे 2025. त्या वर्षी मोसमी पाऊस महाराष्ट्रात 25 मे रोजीच येऊन धडकला. त्याच दिवशी पिंपळी-लिमटेकजवळ नीरा डावा कालवा फुटला, काटेवाडीत घरांत पाणी गेलं, बारामती आणि इंदापूरला राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पथकं पाठवावी लागली. त्याआधी ऑक्टोबर 2020 मध्ये परतीच्या पावसाने दोन्ही तालुके झोडपले. त्याच्याही आधी सप्टेंबर 2019 मध्ये नाझरे धरणातून सुटलेल्या पाण्याने कऱ्हा नदी गावात शिरली. वर्षाला 500 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारा हा पर्जन्यछायेचा मुलूख. टँकर, चारा छावणी, आवर्तन हे शब्द इथल्या पोराबाळांना पाठ असतात. पुराची तयारी आम्ही कधी शिकलोच नाही. आमच्या लेखी पाणी म्हणजे अडवायची वस्तू. त्याला जायला वाट ठेवायची, हे आमच्या डोक्यातून गेलं, आणि मला याचं मनापासून वाईट वाटतं.

मामांनी रेघेला स्टाफ लावला. आजी बघत होत्या. “हितं पयला ओढा होता गं,” त्या सहज म्हणाल्या. “आम्ही धुणं न्यायचो.”

“आता कुठंय तो?”

“त्यो काय, त्या पांढऱ्या बंगल्याच्या पोटात.”

8.50

गल्लीतल्या जोत्यांची उंची घेतली. अकरा घरांचं जोतं रस्त्याच्या खाली आहे. बांधताना ती खाली नव्हती. रस्ता वर आला. दर काही वर्षांनी जुन्या डांबरावर नवा थर पडतो, मग त्यावर काँक्रीट. थर चार बोटांचा दिसतो, पण तीन वेळा पडला की घराचा उंबरा पाण्याच्या वाटेवर येतो. माझ्या आराखड्यात पहिली ओळ गटाराची नसेल. ‘नवा थर टाकण्याआधी जुना खरवडून काढावा’ ही असेल.

10.30

भूमी अभिलेख कार्यालयात गाव नकाशाची नक्कल मिळाली. आजी चुकल्या नव्हत्या. नागमोडी ओढा वरच्या माळावरून येतो, आता वस्ती आहे त्या जमिनीतून जातो, त्या दगडी मोरीत शिरतो. कागदावर तो अजून वाहतोय. जागेवर गेलात तर कुंपणाच्या दोन भिंतींमधली तीन फुटांची बोळ, तीही राडारोड्याने भरलेली. पूर नवा आलेला नाही. पाणी आपल्या जुन्या पत्त्यावर येतं, तिथे आता आजींचं घर आहे.

11.15

हिशेब. वस्तीकडे 36 हेक्टरांचं पाणी उतरतं. तासाला 50 मिलिमीटरचा पाऊस धरला आणि जमीन पूर्वीसारखी शेताची असती, तर साधारण चौथा हिस्सा पाणी वाहून आलं असतं, सेकंदाला सव्वा घनमीटर. आता पत्रे, फरशा, काँक्रीट. साठ टक्के पाणी पळत सुटतं, म्हणजे सेकंदाला तीन घनमीटर. पाऊस तोच धरला तरी आकडा अडीचपटीच्या जवळ जातो. पाणी वाढलं आणि वाट तीन फुटांची झाली.

दुपारी 1.00

इंदापूरला निघाले, तिथल्या दुसऱ्या एका वस्तीसाठी. सणसर, आंथुर्णे, निमगाव केतकी, तुकोबांच्या पालखीचे सगळे मुक्काम वाटेवर. भराव टाकून उंच केलेला कुठलाही रस्ता पाण्याच्या लेखी बांधच असतो, म्हणून माझी नजर मोऱ्यांवर. प्रत्येक मोरीच्या वरच्या अंगाला काय अडकलंय बघत जायचं. बहुतेक वेळा उसाचं पाचट आणि प्लास्टिक.

2.30

इंदापूरच्या वस्तीचं दुखणं वेगळं. सपाट, काळी माती, उतार नावाला. लोकांची मागणी शोषखड्ड्यांची. गेल्या खेपेला आम्ही तीन फूट खड्डा खणून पाण्याने भरला होता. अर्ध्या तासात पातळी हललीही नाही. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते तेव्हा घागरी गिळते, पण एकदा भिजून फुगली की पाण्याला जागा देत नाही. मुरमापर्यंत पोचल्याशिवाय शोषखड्डा हे नुसतं डासांचं घर.

मी मैदानाचा पर्याय मांडला. वस्तीलगतचं 2,000 चौरस मीटरचं मैदान एक फूट खोलगट करायचं. जोराच्या पावसात त्यात 600 घनमीटर पाणी थांबेल, दहा हजार लिटरचे साठ टँकर, आणि पाऊस ओसरला की लहान नळीने हळूहळू निघून जाईल. एक तरुण म्हणाला, “मॅडम, मग आम्ही खेळायचं कुठं?” प्रश्न खरा आहे. वर्षातले काही तास पाणी, बाकी सगळे दिवस खेळ, असं मी सांगितलं. कडेला उतार ठेवायचा, मधली खेळपट्टी उंच ठेवायची. तो पटकन वाकून मातीवर खेळपट्टी आखून दाखवायला लागला, आणि मला त्याने निवडलेली जागा माझ्या जागेपेक्षा बरी वाटली.

संध्याकाळी 6.45

बारामतीत परत. देवळाच्या ओट्यावर बैठक. मोरीच्या खालच्या अंगाचे लोकही बोलावले होते, मुद्दाम. वरच्यांचं पाणी झपाट्याने सोडलं की ते खालच्यांच्या दारात जातं, आणि त्यांना न विचारता केलेला आराखडा म्हणजे एकाचं दुखणं दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवणं.

“दोन फुटी ह्यूम पाइप टाका ना दोन. एकापेक्षा दोन बरे,” एक काका म्हणाले. हे दर बैठकीत कुणीतरी म्हणतंच, म्हणून मी कागदावर करून दाखवलं. आपल्या उतारावर 600 मिलिमीटरचा पाइप भरून वाहिला तर सेकंदाला जेमतेम 390 लिटर नेतो. दोन मिळून 780. पण 1,200 मिलिमीटरचा एकच पाइप नेतो जवळजवळ 2,460. व्यास दुप्पट केला की क्षमता सहापटीहून वाढते, कारण नळीचं तोंड चौपट होतं आणि पाण्याला भिंतींचं घर्षणही तुलनेने कमी लागतं. आणि आपल्याला तर तीन हजार लिटर न्यायचेत. म्हणून दीड मीटर रुंद, सव्वा मीटर खोल काँक्रीटचं बंदिस्त गटार, वर माणसांना उचलता येतील अशी झाकणं, ओढ्याच्या जुन्या वाटेनेच.

“पण त्या वाटेवर भिंती आहेत.”

ओटा गप्प झाला. पांढऱ्या बंगल्याचे मालक मागे उभे होते. त्यांनी मोबदला देऊन जमीन घेतली, कागद सरळ आहेत. विकणाऱ्याने ओढा दाखवला नव्हता. मी त्यांना दोषी धरत नाही. “किती रुंदी लागेल?” त्यांनी विचारलं. भिंती आणि खणाई धरून अडीच मीटर, मी सांगितलं. “उद्या आखून दाखवा. मग घरात बोलतो.” खालच्या अंगाच्या लोकांनी एक अट घातली, मोरीतला आणि तिच्यापुढच्या ओढ्यातला गाळ आधी काढायचा, वरचं काम मग. अट रास्त आहे. कामाचा क्रमही तोच असायला हवा.

आणखी एक गोष्ट बोलून घेतली. संडासाच्या टाकीचं पाणी पावसाळी गटारात सोडायचं नाही. सोडलं की पुराबरोबर ते परत आपल्याच स्वयंपाकघरात येतं. बायकांनी माना डोलावल्या, पुरुष खाली बघत राहिले.

रात्री 9.20

घरी आकडे उतरवतेय. मोरीचा तळ, जोती, रस्ता, आजींच्या चौकटीवरची रेघ. दोनदा तपासलं, रेघेचा आकडा शेजारच्या दोन घरांशी सात सेंटीमीटरने जुळत नाही. सकाळी स्टाफ तिरका धरला गेला असावा, किंवा मी चुकीचं वाचलं असेन. पूरपातळी त्या एका आकड्यावर ठरणार आहे.

तेवढ्यात फोन आला. आजींनी नातवाला लावायला सांगितला होता.

“पोरी, अक्षय तृतीया तोंडावर आली. चौकटीला रंग द्यायचाय. देऊ का आता?”

“एक दिवस थांबा आजी. सकाळी सहाला येते, परत एकदा मोजते. मग द्या.”

“ये मग. चहा ठेवते.”