अत्तरातील चंदनाची बैठक

सुगंधी मिश्रण म्हणजे निरनिराळ्या वासांची बेरीज, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु रसायनदृष्ट्या ती अपुरी ठरते. कागदाच्या पट्टीवर टाकलेल्या थेंबाचा प्रथम येणारा वास आणि दुसऱ्या दिवशी उरणारा वास एक नसतो. मिश्रणातील प्रत्येक घटक आपापल्या वेगाने हवेत मिसळत असतो. म्हणून सुगंधाची रचना ही मुख्यतः कालक्रमाची रचना होय.

लिंबूवर्गीय फळांच्या सालीतील लिमोनीन सुमारे १७६ अंश सेल्सियसला उकळते, लॅव्हेंडरमधील लिनालूल १९८ अंशांना, गुलाबातील फिनिल-एथिल अल्कोहोल २१९ अंशांना, तर चंदनतेलातील आल्फा-सॅन्टॅलॉल ३०० अंशांच्या आसपास. फिनिल-एथिल अल्कोहोलचा रेणुभार (१२२) लिमोनीनच्या रेणुभाराहून (१३६) कमी आहे. तरीही ते मागाहून उडते, कारण त्यातील हायड्रॉक्सिल गट शेजारच्या रेणूंशी हायड्रोजन-बंध जोडतो. विल्यम पाउचर या ब्रिटिश तज्ज्ञाने १९५० नंतरच्या दशकात सुगंधी द्रव्यांना त्यांच्या टिकाऊपणानुसार १ ते १०० असे अंक दिले. चंदनतेलास त्याने १०० हा अंक दिला. शिरोगंध, मध्यगंध आणि आधारगंध हे प्रचलित त्रिविभाग याच उतरंडीवर बेतलेले आहेत; अर्थात ते सोयीपुरते, कारण बाष्पीभवनाला पायऱ्या नसतात.

आधारद्रव्य केवळ शेवटी उरते असे नाही. राउल्टच्या नियमानुसार द्रावणातील घटकाचा बाष्पदाब त्याच्या रेणुप्रमाणावर अवलंबून असतो. त्यात परस्पर आकर्षणाची भर पडली म्हणजे तो आणखी उतरतो. चंचल घटकास धरून ठेवण्याचे जे काम आधारद्रव्य करते, त्याचे मर्म हेच.

कनौजच्या पारंपरिक अत्तरात ही गोष्ट फार स्पष्ट दिसते. तेथे तांब्याच्या देगेत फुले व पाणी घालून तिचे तोंड चिकणमातीने लिंपतात. वाफ बांबूच्या नळीतून थंड पाण्याच्या हौदात बसविलेल्या भपक्यात उतरते आणि त्या भपक्यात चंदनतेल आधीपासूनच घातलेले असते. तळाशी साचलेले पाणी वेगळे करून पुन्हा देगेत ओतावयाचे, ताजी फुले घालावयाची, असे अनेक दिवस चालते. फिनिल-एथिल अल्कोहोल पाण्यात बऱ्यापैकी विरघळते; त्यामुळे गुलाबाच्या नुसत्या ऊर्ध्वपातित तेलात त्याचा अंश थोडा उरतो व बराचसा गुलाबपाण्यात जातो. चंदनतेल त्यातील काही भाग परत ओढून घेते. म्हणजे जे संग्राहक तेच आधारद्रव्य. मिश्रण येथे बाटलीत होत नाही. ऊर्ध्वपातन चालू असतानाच होत जाते.

ही व्यवस्था आता डळमळली आहे. चंदनाच्या झाडात तेलयुक्त गाभा तयार होण्यास कित्येक वर्षे लागतात. बेसुमार तोडीमुळे १९९८ साली या जातीची नोंद आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या यादीत ‘असुरक्षित’ म्हणून झाली. तेल महागले, तसे भपक्यात डायएथिल थॅलेटसारखी द्रव्ये किंवा द्रव पॅराफिन घालण्याची प्रथा वाढली. ही दोन्ही सारखी नव्हेत. पॅराफिन अध्रुवीय असल्याने अल्कोहोलवर्गीय घटक त्यात नीट उतरत नाहीत. फुले तीच असूनही गुलाबाचा एक भाग पाण्यातच राहतो. डायएथिल थॅलेट २९५ अंशांच्या सुमारास उकळते, ध्रुवीय घटकही बऱ्यापैकी सामावून घेते आणि बाष्पदाबही उतरविते. निव्वळ उत्कलनांक पाहणाऱ्यास ते चंदनाची जागा भरून काढते असे वाटेल. मात्र त्यास स्वतःचा वास जवळजवळ नसतो. अशा अत्तराची पट्टी दुसऱ्या दिवशी हुंगली असता गुलाब ओसरलेला असतो, आणि त्याच्यामागे जेथे चंदन लागावयास हवे तेथे काहीच लागत नाही.