ताकद पायाखाली, लगाम हातात!

मैत्रिणींनो, आपलं नरडाणा मुंबई-आग्रा महामार्गावरचं गाव. आपल्याला गाड्यांचं काय नवल? एमआयडीसीकडे वळणारे ट्रक, कपाशीने भरलेले ट्रॅक्टर, शिरपूरकडे सुसाट जाणाऱ्या मोटारी, दिवसभर घरघर चालूच. पण घरातल्या मुलाच्या मोबाइलवर कधी एखादी लांब नाकाची, बुटकी, गुरगुरणारी अमेरिकन गाडी बघितली आहे का? तिला म्हणतात ‘मसल कार’. दंड थोपटणाऱ्या पहिलवानासारखी गाडी. ‘पोरांचे खेळ’ म्हणून आपण सोडून देतो. पण थांबा, यात आपल्यासाठीही एक गोष्ट आहे.

या जातीतली सर्वांत गाजलेली गाडी म्हणजे फोर्ड कंपनीची मस्टँग. अमेरिकेत तिची पहिली विक्री झाली १५ एप्रिल १९६४ रोजी, म्हणजे अधिकृत विक्री सुरू होण्याच्या दोन दिवस आधी. आणि ती घेतली कोणी? गेल ब्राऊन या २२ वर्षांच्या शिक्षिकेने! शिकागोजवळ राहणाऱ्या या मुलीला शाळेत जायला गाडी हवी होती. दुकानात आवडेना, तेव्हा विक्रेत्याने मागच्या खोलीत झाकून ठेवलेली निळी मस्टँग दाखवली. ती घेऊनच गेल घरी आली. पुढे ही गाडी बिघडून कित्येक वर्षं घरीच पडून होती. नवऱ्याने खपून ती पुन्हा चालू केली. पहिल्या वर्षभरात चार लाखांहून जास्त मस्टँग विकल्या गेल्या, पण मान मिळाला तो एका शाळामास्तरणीला.

असं काय असतं हो या गाडीत? आपली साधी मारुती ८०० आठवा. तीन सिलिंडर, ४० हॉर्सपॉवरच्याही आतली ताकद. २०१६ मध्ये मस्टँग भारतात आली, तिला आठ सिलिंडर आणि ताकद जवळपास ४०० हॉर्सपॉवर. म्हणजे दहा मारुतींचं बळ एकाच बॉनेटखाली! किंमत तेव्हा ६५ लाखांच्या घरात होती. ती घ्यायची गोष्ट आपण करत नाही आहोत. पण चालवणाऱ्याला काय मिळतं, ते समजून घेऊ. पाय जरा दाबला की पाठ सीटला चिकटते. इंजिनाचा घुमणारा आवाज कानांनीच नाही, छातीनेही ऐकू येतो. बुलेट दारावरून गेली की आपण न बघता ओळखतो ना, तसंच.

पण खरी गंमत वेगात नाही, ताब्यात आहे. या गाडीची ताकद मागच्या चाकांना मिळते. ओल्या रस्त्यावर उतावीळपणा केला तर मागचा भाग घसरतो. आताच्या गाड्यांत चाकं घसरू न देणारी यंत्रणा असते, तरी पाय हलकाच ठेवावा लागतो. एवढं बळ हाताशी असून ते जपून, हवं तेवढंच वापरायचं. हे कोणाला जमतं? दूध उतू जायच्या नेमक्या क्षणी गॅस बारीक करणाऱ्या बाईला! मनगटाच्या जोराचं हे काम नव्हेच. साताऱ्याच्या सुरेखा यादव यांनी १३ मार्च २०२३ रोजी सोलापूरहून मुंबईपर्यंत वंदे भारत रेल्वे चालवली. त्याच वर्षी एसटीच्या स्टिअरिंगवरही महिला चालक बसल्या.

आणि आपल्याकडे? बचत गटाच्या बैठकीत मी सहज विचारलं, “कोणाकोणाच्या दारात चारचाकी आहे?” सात-आठ हात वर झाले. “चालवता कोणाला येते?” एकच हात, तोही ट्रॅक्टर चालवणारीचा! ती हसून म्हणाली, “ताई, पहिल्या दिवशी समदा गाव बघायला जमला. ‘बाई गाडी हाकी ऱ्हायनी!’ आता कोणी मान वर करून बघत बी नाही.” दुसरीचा अनुभव मात्र सगळ्यांना गप्प करून गेला. रात्री लेकराला ताप चढला, झटके आले. नवरा परगावी, गाडी दारात आणि चावी खिळ्याला. शेजारच्या भाऊंना उठवून धुळ्याला निघेपर्यंत तासभर गेला. लेकरू वाचलं, पण तो तास ती अजून विसरलेली नाही.

म्हणून सांगते, चारशे हॉर्सपॉवर राहू द्या, दारातली गाडी तरी शिका. वय १८ पूर्ण असलं की शिकाऊ परवाना मिळतो, तो सहा महिने चालतो. तीस दिवसांनंतर पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. नवऱ्याकडून शिकताना भांडणंच जास्त होतात, त्यापेक्षा ड्रायव्हिंग स्कूल बरं! आधी मोकळं मैदान, मग गावातला रस्ता आणि हात बसल्यावरच महामार्ग. सीटबेल्ट विसरायचा नाही, वेगाची बढाई मारायची नाही.

“या वयात कशाला?” असं कोणी म्हणेलच. म्हणू द्या! संसाराचा गाडा आपण इतकी वर्षं ओढतोच आहोत. आता एकदा स्टिअरिंगही हातात घेऊन बघा. खिळ्याची ती चावी काढायला कोणाची परवानगी लागते, हा प्रश्न मात्र प्रत्येकीने आपापल्या घरी विचारायचा.