कातडे, सुई आणि शिवणयंत्र

मालवणजवळच्या आमच्या गावात घडलेली ही गोष्ट. चतुर्थीला पंधरा दिवस उरले होते. नववीतल्या एका मुलीचा मामा मुंबईहून येताना धारावीच्या बाजारातले कातड्याचे तुकडे घेऊन आला. मुलीला कंपासपेटी ठेवायला छानशी पिशवी शिवायची होती. घरात आईचे पायाने चालवायचे शिवणयंत्र होतेच. कातड्याचे दोन थर सुईखाली सरकवून तिने पाय मारला. पहिले तीन-चार टाके पडले, मग दोन सुटले आणि मग ‘खट्’ असा आवाज होऊन सुई मोडली. सुईचा तुकडा तिच्या भुवईला चाटून गेला. नवी सुई घातली, तर साध्या कापडावरही टाका पडेना.

आई बाहेरून आली आणि कपाळाला हात लावून म्हणाली, “ह्या मशीन कपड्याचा आसा, चपलांचा नाय!” चतुर्थीच्या ब्लाउजांचे सतरा नग तिच्याकडे शिवायला आले होते. वर्षाची निम्मी कमाई याच दिवसांत होते. यंत्र कुडाळला दुरुस्तीला न्यावे लागले.

मुलीने शाळेत येऊन मला विचारले, “सर, यंत्र जाड गोधडीसुद्धा शिवते. मग एवढ्याशा कातड्याने त्याचे काय बिघडले?” प्रश्न फार चांगला होता. त्याचे उत्तर शोधताना आम्ही महिनाभर कातडे शिवत होतो.

प्रथम कापड आणि कातडे यांतला फरक पाहू. कापड म्हणजे उभे-आडवे विणलेले धागे. सुई शिरते तेव्हा धागे बाजूला सरकतात आणि सुई निघाली की बहुतांशी पुन्हा जागेवर येतात. चुकीची शिवण उसवून इस्त्री फिरवली की भोके दिसेनाशी होतात. कातड्यात मात्र विणकाम नाही. कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे असंख्य तंतू तेथे एकमेकांत गुंतलेले असतात, ओल्या काथ्याचा गोळा असावा तसे. सरकायला त्यांना वाट नसते, म्हणून सुई त्यांना फाडूनच पुढे जाते. पडलेले भोक कायमचे राहते.

या कायमच्या भोकाचा सुंदर उपयोग आपल्याच जिल्ह्यात पाहायला मिळतो. कुडाळजवळच्या पिंगुळी गावचे ठाकर कलावंत चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ करतात. बाहुलीच्या दागिन्यांच्या आणि वस्त्रांच्या जागी बारीक भोके पाडलेली असतात आणि पडद्यामागच्या दिव्याचा प्रकाश त्यांतून येतो. पिंगुळीची लोककला जपणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या गावी गेलात तर बाहुली उजेडात धरून पाहा. एक भोक चुकले तर ते बुजवता येत नाही, हे लगेच पटेल.

आता यंत्राकडे वळू. हाताच्या सुईचे नेढे मागच्या टोकाला असते, यंत्राच्या सुईचे अणकुचीदार टोकाजवळ. एलियास हाउ या अमेरिकन कारागिराने १८४६ साली ज्या यंत्राचे पेटंट घेतले, त्यात अशीच सुई होती, आणि खालचा दुसरा धागा नेणारे शटल होते. सुई तळाशी जाऊन सुमारे दोन मिलिमीटर वर उचलली गेली की तिच्या मागे धाग्याचा एक छोटा फास तयार होतो. नेमक्या त्याच क्षणी शटलची चोच येऊन तो फास पकडते. चोच आणि सुई यांच्यात केसाएवढेच अंतर असते.

कातडे येथेच घात करते. ते सुईला घट्ट धरून ठेवते. सुई वर निघाली की कातडेही तिच्याबरोबर उचलले जाते, फास नीट फुगत नाही, चोच रिकामीच निघून जाते आणि टाका सुटतो. आपण हाताने कातडे ओढले तर सुई वाकते आणि चोचीवर किंवा लोखंडी पट्टीवर आदळते. सुई मोडते ती अशी. त्या धक्क्याने चोचीची वेळ चुकली की यंत्र कापडही शिवत नाही. गोधडीतला कापूस जाड असला तरी तो सुईला धरत नाही. जाडीपेक्षा घर्षण महत्त्वाचे, हे मुलीच्या प्रश्नाचे उत्तर.

मग घरच्या यंत्रावर कातडे शिवूच नये का? मऊ आणि पातळ, दोन्ही थर मिळून दीड मिलिमीटरपर्यंतचे असेल, तर जपून शिवता येते. त्यासाठी कातड्याची वेगळी सुई मिळते. तिचे टोक गोल नसून चपट्या पात्यासारखे असते, त्यामुळे ती तंतू कापत जाते. सुईच्या पाकिटावर १००/१६ असे आकडे असतात. त्यांतला १०० म्हणजे सुईची जाडी एक मिलिमीटर. पातळ कातड्याला ९० किंवा १०० नंबर पुरतो. पायाने न चालवता उजवीकडचे चाक हाताने फिरवावे, टाका मोठा ठेवावा, डोळ्यांना चष्मा असावा. आणि हे सगळे यंत्राच्या मालकिणीला विचारून करावे!

जाड कातड्याचे यंत्र वेगळेच असते. त्यात वरचा पायही दात्यांबरोबर पुढे चालतो, त्यामुळे थर एकमेकांवर घसरत नाहीत. असे जुने यंत्र कोणी विकायला काढले तर आपले कातडे आणि आपला धागा घेऊन जावे आणि तेथेच शिवून पाहावे. त्याच्या सुया जवळपास मिळतात का, हेही विचारावे. मोटर हळू चालणारी, सर्व्हो प्रकारची असेल तर नवशिक्याला बरे. पण छंदासाठी एवढा खर्च करण्याआधी हाताने शिवून पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

हातशिवणीला सामान थोडे लागते. कापायला रापी, भोक पाडायला टोचा, दोन बोथट सुया, मेण आणि पॉलिएस्टरचा जाड धागा. सुया बोथट कशाला? भोक टोच्याने आधीच पाडलेले असते. तीक्ष्ण सुई तेथे उलट पहिल्या धाग्यातच घुसते. भोकांच्या खुणांसाठी आम्ही कंपासपेटीतले कर्कटक चार मिलिमीटरवर उघडून काठाने चालवत नेले. शिवणीच्या चौपट लांबीचा धागा मेणावरून ओढून घेतला आणि दोन्ही टोकांना एकेक सुई ओवली. प्रत्येक भोकातून एक सुई डावीकडून आणि दुसरी उजवीकडून न्यायची. खोगीर शिवणारे कारागीर याच टाक्याने शिवत आले आहेत.

बाजारातल्या मोच्याची आरी पाहिलीत का? तिच्या टोकाशी खाच असते. तो आरी टोचून खालचा धागा फासासारखा वर ओढतो आणि त्यातून दुसरे टोक घालतो. शिवणयंत्र जे करते तेच तो हाताने करतो, आणि कितीतरी वेगाने!

या दोन टाक्यांत एक फरक आहे. यंत्राच्या शिवणीत वरचा धागा वरच राहतो आणि खालचा खाली. दोघे फक्त मधे अडकतात. एक झिजून तुटला की ओढ बसताच शेजारचे टाके सुटू लागतात. खोगीर टाक्यात दोन्ही धागे प्रत्येक भोकातून आरपार गेलेले असतात. एक तुटला तरी दुसरा धरून ठेवतो. दोन पट्ट्या दोन तऱ्हांनी शिवा, मधला एक टाका ब्लेडने कापा आणि ओढून पाहा.

टाके जितके जवळ तितकी शिवण बळकट, असे वाटते ना? हिशेब करू. १२ मिलिमीटर रुंदीच्या पट्टीत एक मिलिमीटरची भोके चार मिलिमीटरवर पाडली तर तीन भोके बसतात आणि ९ मिलिमीटर कातडे उरते. दोन मिलिमीटरवर पाडली तर सहा भोके, उरले ६. दीड मिलिमीटरवर पाडली तर आठ भोके, उरले फक्त ४! पोस्टाची तिकिटे याच युक्तीने फाटतात. पातळ कातड्याच्या अशा पट्ट्यांना बादली टांगून त्यात लिटर-लिटर पाणी ओतत जा. एक लिटर म्हणजे एक किलोग्रॅम. कोणती पट्टी किती लिटरांवर फाटते, ते वहीत लिहा. बादलीखाली पाय ठेवू नका.

आपल्या किनाऱ्यावर आणखी एक शत्रू आहे, तो म्हणजे खारी हवा. मिठाचा एक गुण असा की सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतले बाष्प ओढून स्वतःच विरघळते. पावसाळ्यात येथे आर्द्रता त्याहून बरीच जास्त असते. वाऱ्याबरोबर आलेला मिठाचा अदृश्य थर सुईवर बसतो, त्याचे खारे पाणी होते आणि सुई गंजते. म्हणून काम झाले की टोचा आणि रापी तेलाच्या फडक्याने पुसावी.

गंजलेल्या टोच्याने आमची एक पट्टी काळी पडली. कातडे हिरडा आणि बाभळीच्या सालीत कमावलेले होते, कोल्हापुरी चपलांचे असते तसे. त्यातले टॅनिन आणि गंजातले लोह यांचा संयोग होऊन काळा रंग तयार झाला. पूर्वी हिरडा आणि हिराकस यांची शाई करत, तिचे रसायन हेच. पट्टी वाया गेली, पण मुलांनी त्या दुपारी हिरड्याची शाई करून तिनेच प्रयोग लिहून काढला.

कातड्यावर बुरशी आली तर कोरड्या फडक्याने पुसून सावलीत वारा द्यावा. उन्हात ठेवू नये, ते कडक होऊन तडकते. प्लॅस्टिकच्या पिशवीत तर मुळीच बांधू नये, आतला ओलावा आतच कोंडतो.

यंत्र आठ दिवसांनी दुरुस्त होऊन आले. आईने रात्री जागून ब्लाउज पुरे केले, तरी दोन गिऱ्हाइके दुसरीकडे गेली ती गेलीच. कंपासपेटीची पिशवी मागे पडली. मुलीने उरलेल्या कातड्याची एक छोटी पिशवी हाताने शिवली, आईच्या सुया आणि बॉबिना ठेवण्यासाठी. आईने ती उलटी करून आतले टाके बघितले, एक टाका नखाने ओढून पाहिला, आणि यंत्राच्या खणात ठेवून दिली.