डबे निराळे, चासी एकच

पन्नास वर्षांपूर्वीच्या किटचा डबा हौसेनं विकत घ्यावा, घरी येऊन उघडावा, तर बॉडी शाबूत, काचा जागेवर, इंजिनाचे तुकडे मोजून पुरे, आणि चासीची एक नळी मात्र मधोमध मोडलेली. ड्रॅग रेसिंगच्या जुन्या मॉडेलगाड्या जमवणाऱ्यांना हे दुखणं चांगलंच परिचयाचं आहे. सुटा भाग दुकानात मिळत नाही. मग तो शोधायचा दुसऱ्याच गाडीच्या डब्यात.

ही शोधाशोध वाटते तितकी वेडगळ नाही. किट बनवताना खरा खर्च होतो तो पोलादी साच्यावर. त्यामुळे साठ-सत्तरच्या दशकांत अमेरिकी कंपन्यांनी एकदा केलेला साचा पुरेपूर वसूल केला. त्यांतल्याच एमपीसी कंपनीच्या सत्तरीतल्या फनी कार, म्हणजे ड्रॅग रेसिंगच्या एका प्रकारच्या गाड्यांची मॉडेलं, पाहिल्या की हे लगेच ध्यानात येतं : बॉडी नवी, स्टिकर नवे, डब्यावरचं चित्र नवं, आणि खाली तीच ओळखीची चासी. नाटक कंपनीतल्या एकाच नटानं सकाळी राजा आणि रात्री भालदार व्हावं, तसा प्रकार.

याला लबाडी म्हणता येणार नाही, कारण खऱ्या मैदानावरही असंच चालायचं. फनी कारची फायबरग्लासची बॉडी पेटीच्या झाकणासारखी वर उचलली जाते. १९६६ मध्ये ड्रॅग रेसर डॉन निकोल्सननं अशी मर्क्युरी कॉमेट पळवली. तिची नळ्यांची चासी मिशिगनच्या लोगी बंधूंच्या कारखान्यातली होती. त्या धाटणीच्या चासीवर पुढे डॉज, फोर्ड, शेवरलेट अशी हवी ती कवचं चढली. पाव मैलाच्या, म्हणजे सुमारे ४०२ मीटरच्या शर्यतीपुरतं ते कवच म्हणजे मुखवटाच.

तरीही भाग ओळखताना डब्यावरच्या नावावर भिस्त ठेवू नये. आधी पट्टी काढावी. १/२५ प्रमाणात खऱ्या गाडीचा एक इंच जवळजवळ एक मिलिमीटर होतो, आणि ही सोय फार कामाची आहे. १०० इंचांचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या आसांमधलं अंतर, १/२५ मध्ये १०१.६ मिलिमीटर भरतो, १/२४ मध्ये १०५.८. चार मिलिमीटर म्हणजे किती, असं वाटेल. पण तेवढ्यानं चाक मडगार्डच्या कमानीत मधोमध न बसता कडेला जाऊन टेकतं. एएमटी, एमपीसी या कंपन्यांचा भर १/२५ वर, तर मोनोग्राम कंपनीच्या बऱ्याच गाड्या १/२४ च्या. म्हणून या दोन घराण्यांची सोयरीक सहसा जमत नाही.

माप जुळलं की भाग उलटा करून पाहावा. वरची बाजू देखणी केलेली असते. साच्याच्या खुणा दडलेल्या असतात खाली. साच्यातून भाग बाहेर ढकलणाऱ्या पिनांचे गोल ठसे, खुंट्यांची जागा, आडव्या नळ्यांची संख्या. दोन भागांवर हे सगळं जागच्या जागी सापडलं, तर ते एकाच साच्यातले, मग प्लास्टिक एकाचं लाल असो नाहीतर पांढरं. भागावर कोरलेल्या सालानं मात्र फसू नये : ते साच्याचं असतं, डबा पुष्कळ नंतरचा असू शकतो. एएमटीच्या साठीतल्या कित्येक इंजिनांना आरपार भोक असतं, पुढच्या चाकांचा धातूचा आस त्यातून ओवायला. ते दिसलं की घराण्याचा अंदाज बांधता येतो.

ड्रॅगस्टर जातीच्या लांबुडक्या शर्यतगाडीची गोष्ट वेगळी. ८ मार्च १९७० रोजी कॅलिफोर्नियाच्या लायन्स ड्रॅग स्ट्रिपवर ड्रॅग रेसर डॉन गार्लिट्सच्या गाडीचा गिअरबॉक्स फुटला आणि त्याच्या उजव्या पावलाचा पुढचा भाग तुटला. पुढच्याच वर्षी तो चालकाच्या मागे इंजिन असलेली गाडी घेऊन उतरला, जिंकूही लागला, आणि पाहता पाहता बाकीचेही तिकडे वळले. चासीत चालकाची जागा इंजिनाच्या मागून पुढे गेली. साहजिकच आधीच्या आणि नंतरच्या किटांच्या मुख्य नळ्यांची अदलाबदल होत नाही. पुढची चाकं आणि त्यांचा आस मात्र पुष्कळदा चालून जातो.

उरतो प्रश्न भाग मिळवायचा. त्यासाठी कोणा पोरानं कधीकाळी गोंद थापून जोडलेली स्वस्तातली गाडी शोधतात. अशी गाडी काही जण रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवतात. जुना गोंद थंडीनं ठिसूळ झाला असेल, तर सकाळी अंगठ्याच्या हलक्या दाबानं सांधा कट्‌कन सुटतो. कधी खुंटीसकट, कधी खुंटी तिथेच ठेवून.