परड्याला जाळीचे कुंपण

कुंपणच शेत खाऊ लागले तर दाद कुणाकडे मागायची, असे आपण म्हणतो. घराभोवतीचे कुंपण तर कधी कधी शेजारधर्मच खाऊन टाकते! म्हणून जाळी आणण्याआधी भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्या, शेजाऱ्याच्या समक्ष हद्दीच्या खुणा पक्क्या करा, आणि मगच कुदळ उचला.

पूर्वी आपण शेर, निवडुंग, घायपात लावीत होतो. आता तारेची जाळी आली. पण जाळी उभी राहते खांबावर, आणि खांब मातीवर. साताऱ्याकडच्या मुरमाड माळाला खड्डा घेताना घाम निघतो, पण खांब हलत नाही. सांगलीकडे कृष्णाकाठच्या काळ्या मातीचे उलटे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि उथळ पुरलेला खांब कलतो. तिथे खड्डा अधिक खोल घ्यावा, तळाशी जरा रुंद ठेवावा.

साधा हिशेब असा: 5 फुटी जाळीला साडेसात फुटी खांब, त्यातला अडीच फूट जमिनीत. दोन खांबांत 8 ते 10 फूट अंतर. सगळी ओढ कोपऱ्यांवर येते, तिथे तिरके टेके द्याच. काँक्रीटला आठवडाभर पाणी मारा, मग जाळी ताणा. घाई केलीत तर खांब झुकतील.

शिक्षक मित्रहो, कोपरा धरताना मुलांना जरूर बोलवा. दोरीवर 3, 4 आणि 5 फुटांचा त्रिकोण केला, की काटकोन आपोआप मिळतो. फळ्यावरचा पायथागोरस मग परड्यात उतरतो!