पंगतीवरचा माणूस

लग्नसराईत जालन्याहून भोकरदनकडे निघालेल्या एस.टी.त बसायला जागा मिळाली, तर ती नशिबाची गोष्ट! परवा मी उभ्यानेच केदारखेड्याला उतरलो. पूर्णेचे पात्र उन्हाळ्यात असते तसेच कोरडे होते. भाच्याच्या मुलीचे लग्न होते. गावात मांडव नव्हता. रस्त्यालगतच्या मंगल कार्यालयात सारा थाट होता. दारात नऊवारी नेसलेल्या दोन अनोळखी मुली गुलाबपाणी शिंपडत होत्या. त्यांनी हसून नमस्कार केला, मीही केला. पण ‘मामा, किती उशीर? कुठल्या गाडीनं आले?’ असे विचारणारे दारात कुणीच नव्हते.

आमच्या लहानपणी दारात उभे राहणारा माणूस घरचा किंवा भावकीतला असे. लग्नाच्या आदल्या रात्री मारुतीच्या पारावर तात्या बसत. हातात कागद नसे. सगळी यादी डोक्यात. ‘तू वेशीवर. तू जानोशावर. तुम्ही दोघं पाण्यावर. तू अक्षता वाटायच्या.’ एवढे सांगितले की कामे वाटली गेली. कुणी मोबदला मागत नसे, कारण उद्या त्याच्या दारी मांडव पडला की आम्हाला जायचेच असे. मांडवडहाळ्याची गाडी आणण्यापासून भांडी मोजून परत करण्यापर्यंत सारे या देण्याघेण्यावर चाले.

या कामांत अक्कल लागे. वेशीवरच्या माणसाला वऱ्हाडातले मानकरी चेहऱ्याने ठाऊक हवेत. नवरदेवाचा मामा कोण, चुलता कोण, मागच्या लग्नात कोण रुसून गेला होता, हे त्याला माहीत नसले तर टोपी-टॉवेल भलत्याच्याच हाती जायचा आणि मांडवात ठिणगी पडायची. जानोशावरच्या पोराने बाजा, चहा, अंघोळीचे पाणी पाहायचे. अक्षता वाटणाऱ्याने मंगलाष्टके सुरू होण्याआधी कोपऱ्यातल्या म्हातारीच्याही मुठीत दाणे पडले ना, हे बघायचे.

जालन्यातल्या एका ख्रिस्ती मित्राच्या लग्नाला मी चर्चमध्ये गेलो होतो. तिथे कोट घातलेले दोन तरुण पाहुण्यांना हात धरून बाकापर्यंत नेत होते. वधूकडचे डावीकडे, वराकडचे उजवीकडे. मला वाटले, अरे, हे तर आमचे वेशीवरचेच काम! आलेल्या माणसाला आपली जागा कुठली, हे त्याने विचारण्याआधीच कुणीतरी सांगावे, एवढेच त्यात असते.

पण सगळ्यात अवघड काम पंगतीचे. चूलबंद आवतण दिलेले असले की माणसांचा अंदाज चुकतोच. किती पत्रावळी मांडल्या, बुंदी किती उरली, पुढची पंगत कुणाची, हे ठरवणारा तो पंगतीवरचा माणूस. दहावीच्या सुट्टीत ते काम तात्यांनी माझ्यावर सोपवले. म्हणाले, ‘ध्यानात ठेव, पंगतीवरचा माणूस शेवटी जेवतो.’

दोन पंगती उठल्या. तिसरी बसताना मांडवाच्या खांबाशी एक म्हातारा उभा दिसला. तीन दिवसांपासून तो आमच्या चुलाणाला लाकडे फोडत होता. मी म्हणालो, ‘थांब जरा, पुढच्या पंगतीला बस.’ पुढच्या पंगतीला वऱ्हाडाची दुसरी गाडी आली. मी पुन्हा तेच म्हणालो. त्यानंतर तो खांबाशी नव्हता. मी पाहिलेही नाही.

रात्री तात्यांनी विचारले, ‘लाकडंवाला जेवला का?’ माझी मान खाली गेली. त्यांनी कंदील घेतला, डबा माझ्या हाती दिला आणि आम्ही गावाबाहेरच्या वस्तीवर गेलो. म्हातारा म्हणाला, ‘भूकच नव्हती, मालक.’ तात्यांनी हात जोडले. दुसऱ्या दिवशी त्याला ओसरीवर बसवून मला वाढायला लावले.

पुष्कळ वर्षे ही गोष्ट मी तात्यांच्या मोठेपणाची म्हणून सांगत आलो. आता तशी सांगवत नाही. त्याला थांबवताना मला काहीच अवघड वाटले नव्हते, हे खरे. वस्तीवरची माणसे शेवटी आणि वेगळी बसतात, हे मी जन्मापासून पाहत होतो. मी त्याला एकेरीत बोललो आणि तो मला मालक म्हणाला, यातही कुणाला काही खटकले नाही. तात्यांनाही तो उपाशी राहिल्याचे लागले होते, शेवटी बसवल्याचे नव्हे. आमच्या त्या गोड पंगतीत ही एक कडू ओळ होती आणि ती आखणारे हात आमचेच होते.

म्हणून बुफेला नावे ठेवताना माझी जीभ अडखळते. तिथे ताट ज्याचे त्याने घ्यायचे; आधी कोण, नंतर कोण, हे जात पाहून ठरत नाही. हे थोडे नाही. मात्र ‘जेवलात का?’ हा प्रश्नही त्याबरोबर गेला. करोनाच्या काळात तर स्वागताचे काम उलटेच झाले होते. २०२० साली लग्नाला पन्नास माणसांची मर्यादा आली, २०२१च्या एप्रिलमध्ये ती पंचवीसवर आली आणि सारा सोहळा दोन तासांत उरकायचा हुकूम निघाला. दारातला माणूस तेव्हा माणसे मोजायला उभा होता.

परवाच्या लग्नात मी ताट घेऊन रांगेत होतो. एक आजी भिंतीला टेकून उभ्या होत्या. गर्दीत घुसायचे बळ त्यांच्यात नव्हते. केटरिंगवाल्याचा सोळा-सतरा वर्षांचा पोरगा रिकाम्या ट्रेसह जाता जाता थांबला. ‘आजी, तुम्ही बसा. म्या आणतो.’ त्याने खुर्ची ओढली, वरण-भात कालवता येईल असा मऊ आणून दिला आणि पाण्याचा ग्लास भरून ठेवला. हे त्याला कुणी सांगितले नव्हते.

दुपारचे चार वाजले होते. मी त्याला विचारले, ‘तू जेवलास का रे?’

‘नाही काका. आमचं शेवटीच असतंय.’

मी भाच्याला हाक मारली. आम्ही दोघांनी त्याला आणि भांडी घासणाऱ्या बायांना टेबलाशी बसवले आणि स्वतः वाढले. बुंदी संपली होती. भाजी-पोळी होती, ती पुरली.